साकीनाक्याला चकचकीत झालेलं पिस्तूल

तीर्थरूप सुबोधदादास,

कांदिवलीहून जयवंतचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा दमा? इथे सगळे ठीक (सुगंधा सोडून. ती माझ्यावर चिडली आहे, कारण पुढे येईलच). फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच ओरडतोस आणि मग मला दुसरं वाक्य सुचत नाही.

विषय आपल्या पिस्तुलांचा. आपले मूळपुरुष बाळोजी आरमारात सरदार होते, हे आपण दोघं जन्मभर सांगत आलो आणि लोक जन्मभर 'हो का?' म्हणून चहा पीत आले. चकमकीच्या ठिणगीवर उडणारी त्यांची ती जोडी बाबांनी तुला एक, मला एक अशी वाटून दिली. दसऱ्याला मात्र दोन्ही पूजेसाठी तुझ्याकडे मुलुंडला एकत्र आलीच पाहिजेत, ही अट. तर आता अंधेरीला निवृत्त नौदल अधिकाऱ्यांचं एक मंडळ जुन्या शस्त्रांचं प्रदर्शन भरवतंय. वस्तू अस्सल ठरली की खालच्या पाटीवर बाळोजींचं नाव लागणार. दादा, छापील अक्षरांत! ते वाचलं आणि माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

पण माझ्या पिस्तुलावर इतक्या दसऱ्यांचं हळदकुंकू आणि खोबरेल बसलं होतं, की हात लावला तर चिकटायचा. अशा अवतारात मूळपुरुषांना लोकांपुढे न्यायचं कसं? म्हणून मी ते साकीनाक्याला, नळांना मुलामा देणाऱ्या एका कारखान्यात नेलं. (घरीच कापसाने पुसा, असं सुगंधा सांगत होती. मी ऐकलं नाही, हा तिच्या रागाचा पहिला भाग.) कारागिराला म्हटलं, एकदम झकास करून दे. त्याने शब्द पाळला. गंज गेला, नक्षीही गेली, आणि पिस्तूल नव्या बाथरूमच्या शॉवरसारखं चकाकायला लागलं. मंडळाचे कमांडर घरी आले, त्यांनी भिंग काढलं, नळीत स्वतःची मिशी दिसली ती आधी नीट केली आणि विचारलं, "कुठल्या नाटकातलं आहे हो हे?"

मी तिथल्या तिथे सांगितलं, की रविवारपर्यंत हे अस्सल ठरवून दाखवीन. गृहस्थ सज्जन निघाले. म्हणाले, जोडीतलं दुसरं जुन्या अवस्थेत दाखवा, दोन्ही घेतो. आता मी मागे हटत नाही. बाळोजींचं नाव पाटीवर लागेपर्यंत दाढी करणार नाही (हा रागाचा दुसरा भाग).

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा,
जयवंत

ता. क. शनिवारी तुझं पिस्तूल न्यायला येतो. तोवर पुसू नकोस, त्यावरची हळदसुद्धा झटकू नकोस.

आणखी ता. क. सुगंधाने पत्र वाचलं आणि खरं लिहिल्याशिवाय ती पाकीट बंद करू देत नाहीये. सात वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला तू जेवून आडवा झालास, तेव्हा मी पिस्तुलं बदलली. माझ्याचा घोडा ढिला होता, तुझ्याचा कसा टक्कन वाजायचा! तेव्हा चकाकतंय ते तुझं, आणि शनिवारी नेणार ते माझंच. घोडा ढिला केला म्हणून सात वर्षं वहिनींना बोलतोयस, ते मात्र आता बंद कर.