मर्व्हची धावपट्टी

४ नोव्हेंबर

आलो बुवा एकदाचा! कुराबिनचा विमानतळ म्हणजे एक डांबरी धावपट्टी, तिला आडवी छेदणारी एक मातीची, दोन हँगर, एक पत्र्याची खोली आणि बाकी नुसता लाल माळ. मला तो बघताक्षणी आवडला. शहरातल्या मोठ्या विमानतळावर अर्धं आयुष्य पिवळं जाकीट घालून राबलो, पण तिथला साहेब मला शेवटपर्यंत रसेलऐवजी रॉस म्हणत राहिला. इथे मी एकटा. धावपट्टी माझी, मागे उघडा हौदा असलेली पिवळी यूट गाडी माझी, तिच्या टपावरचा फिरता दिवाही माझाच. राजाच म्हणा ना!

कामही मनासारखं आहे. सकाळी धावपट्टीवर फेरी मारायची, खडे उचलायचे, कांगारूंना हुसकावायचं. टॉवर वगैरे भानगड इथे नाही. येणारं विमान रेडिओवर हाक देतं आणि जमिनीवरच्या माणसाने वारा कुठला, धावपट्टी मोकळी आहे का, एवढंच सांगायचं. हा जमिनीवरचा माणूस आता मी.

फ्लाइंग क्लबचं कँटीन बेव्ह चालवते. तिने मीट-पाय, म्हणजे खिमा भरलेली गरम कचोरीच म्हणा, पुढे ठेवली, वर हात सैल सोडून टोमॅटो सॉस ओतला आणि म्हणाली, "मर्व्हची जागा घेणं सोपं नाही हं रसेल. पण तू खा पोटभर." मर्व्ह कोलिस म्हणजे माझ्या आधीचा. गेल्या उन्हाळ्यात धावपट्टीवरच, यूटमध्ये बसल्या बसल्या गेला. यूट हीच. बरी पुसून घेतली मी.

९ नोव्हेंबर

इथे सगळं मर्व्हचं. कुंपण घातलं मर्व्हने, पाण्याची टाकी आणली मर्व्हने, पिसाळलेला बैल धावपट्टीवरून हाकलला तोही मर्व्हनेच. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! आज कँटीनमध्ये खुंटीवरचा एक निळा मग घेतला, तर बेव्हने तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. म्हणाली, तो मर्व्हचा. मी विचारलं, मेलेला माणूस चहा पितो का? कुणी हसलं नाही.

खोटं कशाला लिहू, मला त्याचा हेवा वाटला. मी मेलो तर माझा मग कोण जपेल?

१३ नोव्हेंबर

डॉक्टरांचं विमान चालवणारी शोना आज आपणहून माझ्याकडे आली. म्हणाली, सकाळी वारा अचानक फिरल्याचं वेळेवर सांगितलंत, फार उपकार झाले. मी सकाळभर हँगरमागे कुंपणाची तार ओढत होतो, रेडिओला हातही लावला नव्हता. पण इतकी मनापासून बोलत होती, की तोंडातून निघून गेलं, त्यात काय एवढं, कामच आहे माझं. आयत्या बिळावर नागोबा झालो खरा. दिवसभर शीळ घालत होतो.

१७ नोव्हेंबर

आज तो आवाज मी स्वतः ऐकला. यूटमध्ये होतो. शोनाची हाक आली, मी माइक उचलणार तेवढ्यात एक म्हातारा, सावकाश आवाज म्हणाला, "वारा आग्नेयेचा, हलका. धावपट्टी मोकळी आहे, पोरी. ये." आणि ती म्हणाली, "थँक्स, मर्व्ह."

मी ओळखलंच. नव्या माणसाची टोपी उडवल्याशिवाय या मुलखात त्याला कुणी आपला म्हणत नाही. हँगरमध्ये कुणीतरी छोटा रेडिओ घेऊन बसलं असणार. कँटीनमध्ये जाऊन मोठ्याने हसलो, टाळी वाजवली, म्हटलं, पकडलं तुम्हाला! बेव्ह म्हणाली, "चेष्टा कसली, अरे? मर्व्ह सांगतो म्हणून तर आम्ही निर्धास्त." मी म्हटलं, तो मेलाय ना? ती म्हणाली, "मग? तू गवत काप की. गवत काही त्याला कापता येत नाही."

सगळ्यांना माहीत आहे. कुणालाच त्याचं काही वाटत नाही. भीती किती वाटली आणि राग किती आला, ते मला सांगता येणार नाही. मढंसुद्धा माझ्यापेक्षा लाडकं!

२१ नोव्हेंबर

ठरवलं, आज आपण आधी बोलायचं. धावपट्टीच्या कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आहे, तिच्याखाली यूट उभी केली आणि शोनाची हाक येताच वारा सांगितला, धावपट्टी मोकळी आहे म्हणून सांगितलं, अगदी शिकवल्याप्रमाणे. ती म्हणाली, "कोण मध्ये बोलतंय? मर्व्हला बोलू द्या प्लीज."

तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मर्व्ह म्हणाला, पिशवीखाली कांगारूंचा कळप आहे, मातीच्या पट्टीवर उतर. पिशवीखाली मी होतो. चारही बाजूंना पाहिलं. एकही कांगारू नव्हता. आणि वरून शोना म्हणाली, "हो, दिसले. केवढा कळप!"

मातीच्या पट्टीवर उतरली. मी तिला दिसलो नाही. तो सांगेल तेच तिला दिसतं.

२४ नोव्हेंबर

कँटीनमध्ये बेव्हने सगळ्यांना वाढलं. मला नाही. दोनदा हाक मारली तेव्हा दचकली, म्हणाली, "अगंबाई, तू कधी आलास?"

मी तिच्या समोरच बसलो होतो. पहिल्यापासून.

निळ्या मगमधून वाफ येत होती. त्याला रोज भरतात.

२६ नोव्हेंबर

यूटच्या रेडिओची एरियल उपटली. तारा कापल्या. तरी बोलतोय. कुणा पाहुण्या वैमानिकाने विचारलं, तुमच्याकडे रसेल म्हणून कुणी नवा आलाय ना? मर्व्ह म्हणाला, नाही रे बाबा. इथे मी एकटाच.

राग नव्हता त्याच्या आवाजात. प्रेमाने सांगत होता.

संध्याकाळी फाटकाजवळ बेव्हची गाडी माझ्या अंगावरून जाता जाता राहिली. थांबली नाही. बघितलंसुद्धा नाही.

बॅग भरली. मग पुन्हा रिकामी केली. शहरात जाऊन परत रॉस व्हायचं? नाही. धावपट्टी माझी आहे. पगार मला मिळतो. त्याला नाही.

२८ नोव्हेंबर

दुपार. यूट धावपट्टीच्या बरोबर मध्ये आडवी लावली आहे. दिवा चालू. आत बसून लिहितोय.

त्याला खोटं पाडायचंय. एकदाच. शोना रिकामं विमान घेऊन येतेय. तो म्हणेल मोकळी आहे. ती पिवळी गाडी बघेल, विमान वर उचलेल, ओरडेल, मर्व्ह, हे काय सांगितलंत? कँटीनमध्ये रेडिओ चालू असतो. सगळा गाव ऐकेल. मग विचारावंच लागेल, गाडीत कोण होता?

आली. सूर्याच्या बाजूने. हाक दिली तिने.

मर्व्ह म्हणतोय धावपट्टी मोकळी आहे, पोरी, ये —

बघेल ती. एवढी मोठी गाडी —

चाकं बाहेर काढली. उतरून पळायला अजून वेळ आहे, पण पळालो तर तोच खरा ठरला — हलणार नाही — आज त्याने हलायचं —

हॉर्न दाबून धरलाय कोपराने —

शोना म्हणते, धावपट्टी दिसली, मर्व्ह. चिटपाखरूही नाही —

नाही काय, शोना, मी आहे, मी इथे, मी र