तळहाताची करंगळीकडची बाजू

१९ ऑगस्ट ९६, सोमवार
श्रावणातला पहिला सोमवार. आज सकाळी जे झालं ते लिहून ठेवतो. कुणाला सांगण्यासारखं नाही.
अंघोळ करून पूजेला बसलो. गळ्यातलं लिंग सोडून रोजच्यासारखं डाव्या तळहातावर घेतलं. पाणी घातलं, भस्म लावलं, बेल वाहिला. बघत बसलो. रोज त्याचा गारवा लागतो, वजन लागतं. आज थोड्या वेळानं काहीच लागेना. हात आहे आणि नाही. लिंग जणू श्वासावर ठेवलेलं. दाराबाहेरून शेळ्या गेल्या, त्यांच्या घंटा पाण्याखालून आल्यासारख्या वाटल्या. डोळे भरून आले.
लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून ज्याची वाट बघत होतो, ते हेच असावं.
दुकान उशिरा उघडलं. सौ. म्हणाली, "आज लई येगळेच दिसाया लागलात."

२२ ऑगस्ट
पुन्हा तसंच. करंगळीकडचा अर्धा तळहात तर देवाला देऊनच टाकल्यासारखा. साखरेची पुडी बांधताना दोरा हातात आहे की नाही, बघावं लागतं. स्वतःशीच हसलो.
कंपनीचा माणूस शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दाराला टांगून गेला. ऊन पडलं की सगळं दुकान चमकतं. पोरी घ्यायच्या नसल्या तरी बघत उभ्या राहतात.

२९ ऑगस्ट
महादेवाच्या ओट्यावर बैठक. शहराकडून डॉक्टरबाई आल्या होत्या. वय फार नाही. खाली सतरंजीवरच बसल्या. म्हणाल्या, "कुष्ठरोगाचं औषध फुकट मिळतं, गुण येतो. तरी लोक अर्ध्यावर सोडतात. का सोडतात, ते शोधायचंय. कसं शोधायचं ते तुम्ही ठरवा, आम्ही तसं करू."
सरपंच म्हणाले, "आमच्या गावात रगतपिती कुनालाच न्हाई."
मागून केशरबाई उठली. ऊसतोड वस्तीवरची. "न्हाई कसं? मला हाय की!"
कुणीतरी सरकून बसलं. ती म्हणाली, "सरकू नगा, पाटील. मागच्या पोळ्याला तुमच्याच चुलीवर भाकऱ्या थापल्यात्या मी."
हशा पिकला. पण लोक बसून राहिले.
वस्तीवर विचारायला केशरबाई, गावात मी, असं ठरलं. माझं नाव कुणी सुचवलं ते कळलं नाही, मागून एवढंच ऐकू आलं, "आप्पा गोड बोलत्यात, त्यांला दार कोन लावतंय?"

५ सप्टेंबर
डॉक्टरबाई, केशरबाई आणि मी वस्तीवर. बाईंनी पहिल्याच घरी विचारलं, अंगावर चट्टा आहे का. दार लागलं. केशरबाई म्हणाली, "असं न्हाई, बाई. आदी बसायचं. पानी मागायचं. पानी पिलं की मानूस आपला."
मी वाणी. वस्तीवरचं पाणी आजवर प्यायलो नव्हतो. पुढच्या घरी डॉक्टरबाई प्यायल्या, मग तांब्या माझ्याकडे आला. सगळं घर माझ्या तोंडाकडे. प्यायलो. गोड होतं, जरा मातकट. घरातला म्हातारा लगेच सदरा काढून बसला.
बाईंनी त्याला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा बोळा दंडावरून फिरवला.
"कळतंय का, बाबा?"
"कवा फिरवताव मग?" म्हातारा म्हणाला.
बोळा फिरतच होता.
मी डावा हात मांडीखाली सरकवला. का ते तेव्हा उमगलं नाही, किंवा उमगू दिलं नाही.
निघताना केशरबाईनं मारलाच टोमणा, "आप्पा, दुसऱ्याच्या पाठी लई बघताव. सवताची कवा दावनार?" बाया हसल्या. मीही.

१४ सप्टेंबर
चुलीवरचं दुधाचं पातेलं मी उतरवलं. सौ. ओरडली. "अवो, हात! हात भाजला की!" करंगळीखाली टपोरा फोड. मला काहीच नव्हतं झालं. ती फोडाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. हळद लावली.
दुपारी दुकानात कुणी नव्हतं. वातीचा कापूस घेतला. डोळे मिटले.
काही नाही.

१५ सप्टें.
पूजेला बसलो. हात तसाच सुन्न, लिंग तसंच अधांतरी. कालपर्यंत जी कृपा होती, ती आज
पुढं लिहवत नाही.

१८ सप्टें.
गावात गणपती आहेत, आरतीचे आवाज येतात. मी माझ्यातच.
औषध घ्यायचं म्हणजे श्रावणातली ती सकाळ परत करायची. माझ्याकडे तेवढंच एक आहे जे विकत आणलेलं नाही. नस मेली असेल. पण तेव्हा जे शांत वाटलं, ते कुठल्या नसेनं…
डॉक्टरबाईंना विचारावं असं मनात येतं. त्या काय सांगणार? त्यांनी तर मला काही विचारलेलं नाही.

२५ सप्टेंबर
दुसरी बैठक. जे ऐकून आलो ते सगळ्यांनी सांगायचं. मी गावातली उत्तरं सांगितली. खरं सांगायचं तर उत्तरं कमी, चहाच जास्त.
केशरबाईनं वस्तीचं सांगितलं. "दवाखान्याच्या वरांड्यात बसावं लागतं. समदं गाव बघतंय. टोळीच्या मुकादमाला गोळ्या दिसल्या की तो म्हनतो, बाई आजारी, मग ह्यो अर्धा कोयता घिऊन मी काय करू? नवरा-बायकू मिळून एक कोयता, बाई. मी ऱ्हायले की हे बी ऱ्हायले. म्हून मागल्या साली गोळ्या सोडल्या अन् फडावर गेलते."
डॉक्टरबाई म्हणाल्या, "मग कुठं ठेवायच्या गोळ्या?"
"आप्पाच्या दुकानात. मीठ-मिरचीला समदेच जात्यात. त्या शाम्पूच्या पुड्यांत गोळ्यांचं पान कोन बघतंय?"
आधी सगळे हसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरबाईसुद्धा.
"विचार करून सांगतो," म्हणालो. डावा हात उपरण्याखाली होता.

२७ सप्टें.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या दुकानातून गूळ जातुय, पोरास्नी बिस्किटं जात्यात. उद्या रगतपितीचं दुकान म्हनले तर? नको बया." एवढं म्हणून तिनं माझ्या हाताकडे पाहिलं आणि धुणं घेऊन नदीला गेली.
तिला माहीत आहे. कधीपासून, कोण जाणे.

६ ऑक्टोबर
केशरबाई दुकानात आली. काही घेतलं नाही. दसरा झाला की टोळी ऊसतोडीला जाणार. ट्रॅक्टर ठरला आहे.
"आप्पा, हो म्हना न्हाईतर न्हाई म्हना. मधी लटकवू नगा."
"लोक यायचे बंद झाले तर?"
"कावून बंद हुतील? तुमाला थोडीच हाय."
मी मान खाली घातली. तिनं बघितलं असावं. हातात एक पुडी घेतली, उलटीपालटी केली, परत टांगली. जाताना एवढंच म्हणाली, "माजी दोन बोटं आत्ताच वाकडी हाईत. कोयता सुटतुय हातातनं. आनखी एक हंगाम न्हाई निभायचा."

१३ ऑक्टोबर
घट बसले.
पहाटे स्वप्न पडलं. माझा डावा हात मनगटापासून सुटून पाण्यावर चालला आहे, पानासारखा. मी काठावर. दुःख नाही, हाकही मारावीशी वाटत नाही. फक्त बघतोय, किती सुंदर चाललाय. जागा झालो तर त्याच सुखाची भीती वाटली.
सौ.ला उठवून सांगितलं. स्वप्न आणि सगळंच. श्रावणातलं पण. तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि चिमटे काढत गेली. "हितं? हितं? आन् हितं?" करंगळीपासून सुरू करून अंगठ्याकडे येईपर्यंत मी नाहीच म्हणत होतो. अंगठ्याजवळ ओरडलो. तेव्हा ती रडली.
मग म्हणाली, "देवानं दिलं म्हनताव, तर असंल. मी न्हाई म्हनत न्हाई. पर हात गेला तर लिंग कशावर ठिवताल?"
चहा केला दोघांना.

२० ऑक्टो.
डॉक्टरबाईंना हात दाखवला, त्यांच्या गाडीपाशी. कोपराची नस त्यांनी दाबली, कळ डोक्यात गेली. "वेळेत आलात," म्हणाल्या. गेलेलं परत येईल का विचारलं. "सांगता येत नाही. पुढचं थांबेल." श्रावणाचं विचारणार होतो. नाही विचारलं.
म्हणाल्या, तुमचं औषध बीडहून गुपचूप देऊ. पहिल्या गोळ्या आमच्यासमोर घ्याव्या लागतात, तेवढं तिकडं येऊन जा.
दुकानाला हो म्हणालो. बीडचं मात्र नाही म्हणालो. त्यांना आश्चर्य वाटलं. मलाही.

२१ ऑक्टो. दसरा
सोनं वाटलं. उजव्या हातानं.

२३ ऑक्टोबर, बुधवार
आज टोळी गेली. सकाळीच केशरबाईची मीठ-मिरची बांधली. पुड्यांच्या मध्ये गोळ्यांची पानं, सगळ्या हंगामाची. वरून गाठ मारताना ती म्हणाली, "घट्ट मारा, आप्पा. मुकादम लई चौकस हाय." तो बाहेर ट्रॅक्टरपाशी होता. बोचकं ट्रॅक्टरवर गेलं.
डॉक्टरबाई आत पोत्यावर बसल्या होत्या. मी गल्ल्यावर. मुकादम तंबाखू घ्यायला आला, सरपंचांची सून साखरेला, आणखी दोघं उगाच उभी. मी पान फोडलं, गोळ्या तळहातावर घेतल्या. डाव्याच. तांब्या उचलला.
मुकादम म्हणाला, "डोकं दुखतंय काय, आप्पा? कशाच्या गोळ्या?"
"रगतपितीच्या," मी म्हणालो. "माझ्या."
सून साखरेची पुडी तशीच हातात धरून थांबली. मुकादमाचा हात तंबाखूपर्यंत आला आणि तिथंच राहिला, ना उचलली ना सोडली. बाहेर ट्रॅक्टर चालू होता. केशरबाई वरून बघत होती, हसत नव्हती.
मी गोळ्या घेतल्या. सगळ्या. वर पाणी प्यायलो. मग मुकादमाला विचारलं,
"आणखी काय देऊ?"