माळावरची जाळी

आई, परवा मी पेणच्या बाजारात करवंदं विकत घेतली. तू असतीस तर म्हणाली असतीस, करवंदं काय इकत घ्यायची वस्तू हाय गो? रोह्याच्या आपल्या माळावर जाळी एवढी माजलेली असायची की आत शिरायला कोयता लागावा, आणि कोयता तर तू तिला कुणालाच लावू देत नव्हतीस. मी शाळेत असताना आतली काळीभोर करवंदं हाताला येईनात म्हणून दोन फांद्या तोडून आले होते. तू भाकरी थापता थापता थांबलीस. “हाताला येतील तेवढीच खायाची. आतली रोपं उघडी पाडलीस ना?” दुसऱ्या दिवशी कान धरून माळावर नेलंस, जाळीशी वाकायला लावलंस. आत बुलबुलाचं घरटं होतं, आणि काट्यांच्या मधोमध ऐनाचं कोवळं रोप उभं होतं. बाहेर शेळ्यांनी माळ चाटूनपुसून ठेवलेला, आणि आत हे. कोल्हा करवंदं खाणार, बिया माळभर टाकणार, त्यांची जाळी होणार, जाळीच्या पोटात झाड वाढणार. आंबा खाऊन झाला की तू कोयसुद्धा जाळीतच भिरकावायचीस. खड्डा खणून झाड लावताना मी तुला कधी पाहिलं नाही.

आणि मी काय केलं? शाळेतून निवृत्त झाले, वेळच वेळ होता, तेव्हा तुझ्या नावानं माळावर झाडं लावायचं मनात घेतलं. मशीनवाला म्हणाला, “बाई, आधी ह्यो काटा काढायला लागंल, नायतर खड्डे कुठं घेऊ?” मी मान डोलावली. खरं सांगते, त्या वेळी तुझी आठवणसुद्धा झाली नाही. सगळं तुझ्यासाठीच तर चाललं होतं. मशीननं जाळी मुळासकट उपटली. रांगेत रोपं लागली, काठ्या बांधल्या, फोटो काढले. पावसात रोपं छान तरारली. पण भातं कापून झाली की गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात, हे मी शेतकऱ्याची मुलगी असून विसरले. शेळ्यांनी सोडलं ते उन्हानं नेलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तू उगाच नव्हतीस म्हणत. आता तिथे पाखरू बसायलाही फांदी नाही. फार वाईट वाटतं, आई, आणि ते कुणाला सांगायचं तर हसू होतं.

तुझी धाकटी बहीण, आमची मावशी, वरसेला लेकाकडे असते. अंथरुणातून उठत नाही आता. मे महिना लागला की तिचं एकच मागणं, आपल्या जाळीतली करवंदं. तिच्यासाठीच ती बाजारातून घेतली होती. दारात शिरण्याआधी पिशवीतून काढून पळसाच्या द्रोणात ओतली, म्हणजे घरची वाटावीत. तिनं एक अर्धं चावलं, आतला लाल रंग बघून लहानपणीच्या खेळातल्यासारखी “कोंबडा” म्हणाली आणि हसली.

“आपल्याच माळावरची ना गो?”

“व्हय, मावशी.”

“यंदा गोड निघाली. नायतर आपली आंबटच असायची.” मग द्रोण पोटाशी धरून म्हणाली, “ताईला सांगेन गेल्यावर, जाळी हाय तशीच हाय म्हणून.”

तेव्हा तिला सांगता आलं असतं. मी तिच्या ओठांवरचा चीक पुसत बसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, जपूनही ठेवायचं नाही. पण मावशीचे फार दिवस राहिलेले नाहीत, आणि तिच्या आधी मला तुला गाठायचं होतं. ती येईल आणि सांगेल की माळ जसाच्या तसा आहे. तिच्यावर रागावू नकोस. तिला तसं मीच सांगितलंय.