पोट आत, छाती पुढे

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुणी श्वासाबद्दल बोललं की मला तुमचा वर्ग आठवतो. भिवंडीच्या त्या शाळेत विज्ञान तुम्ही शिकवायचात आणि ड्रिलही तुम्हीच घ्यायचात. आठवीच्या वर्गात तुम्ही टेबलावर बूड कापलेली काचेची बरणी ठेवता. आत दोन लाल फुगे, खाली ताणून बांधलेलं रबर. रबर खाली ओढलं की फुगे आपोआप फुगतात. फुप्फुसांना स्वतःचं बळ नसतं, तुम्ही सांगता. बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, श्वासपटल, म्हणजे हे रबर, खाली उतरतं, छातीत जागा होते, आणि जागा झाली की हवा येते. श्वासपटल उतरताना पोट पुढे येणारच, असंही म्हणालात. मी हात वर करून विचारलं, मग ड्रिलला पोट आत का ओढायचं. "ड्रिलचं ड्रिलला," तुम्ही म्हणालात. वर्ग हसला, मीही हसले.

घरी मात्र ड्रिलच चालायचं. मागची पडवी तुम्ही एका यंत्रमागवाल्याला भाड्याने दिली होती. ऐंशीच्या दशकात भिवंडीत कोण देत नव्हतं म्हणा. भिंतीच्या एका बाजूला त्याचे माग, दुसऱ्या बाजूला आईचं स्वयंपाकघर. वरच्या झरोक्यातून कापसाचे बारीक तंतू यायचे, पिठावर, दुधावर, तिच्या केसांवर बसायचे. तिला दम लागू लागला. पोळ्या लाटताना मध्येच ओटा धरून उभी राहायची. प्रत्येक श्वासाला खांदे वर जायचे, गळ्याखालचा खळगा आत ओढला जायचा. शुक्रवारी माग बंद असत, त्या दिवशी ती जरा बरी असे. खारबावला माहेरी गेली की आठवड्यात तिचा रंग पालटायचा, आणि तुम्ही चारचौघांत म्हणायचात, माहेरी बरा दम लागत नाही हिला. विज्ञानाच्या शिक्षकाला त्यातून एवढंच उमगावं, याची मला आजही चीड येते.

तिने तुमच्याकडे कधी फारसं काही मागितलं नाही. एकदा तुम्ही जेवत असताना हळूच म्हणाली, "अहो, स्टोव्ह पुढल्या खोलीत मांडू का? इथं जीव कोंडतो माझा." पुढच्या खोलीत तुमच्या शिकवण्या चालत. मुलं काय फोडणीच्या वासात बसणार, असं म्हणून तुम्ही ताक मागितलंत. जेवण झाल्यावर तिला ओट्यापाशी उभं केलंत. "पोट आत, छाती पुढे. वाकून उभी राहतेस, म्हणून होतं हे सगळं." ती बिचारी रोज तसं करायची. जे श्वासपटल खाली उतरायला धडपडत होतं, त्यालाच पोट आवळून अडवायची. रबर वर दाबून धरलं तर फुगे फुगत नाहीत, हे आम्हाला तुम्हीच दाखवलं होतं. तुम्हाला ठाऊक नसतं तर मी केव्हाच माफ केलं असतं.

नव्वदनंतर, मी कॉलेजच्या हॉस्टेलवर असताना, ती गेली. तेराव्यानंतर स्वयंपाक तुमच्या गळ्यात पडला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर स्टोव्ह पुढच्या खोलीत होता. मागे फार खोकला येतो, तुम्ही सांगितलंत, अगदी सहज, जणू हे आजच कळलं. शिकवणीची मुलं फोडणीच्या वासात मुकाट गणितं सोडवत होती. तुम्ही माझ्यासाठी चहा टाकलात. मी तो प्यायले नाही, आणि का, ते तुम्ही शेवटपर्यंत विचारलं नाहीत.

आता मी दम लागणाऱ्या माणसांना श्वास घ्यायला शिकवते. त्यांचाच हात त्यांच्या पोटावर ठेवते आणि म्हणते, पोट सैल सोडा, येऊ द्या पुढे. त्यांना समजावं म्हणून टेबलावर बरणी ठेवलेली आहे. ती तुमचीच, घर विकताना आणलेली. जागा झाली की हवा येते, हे वाक्यही तुमच्याच सुरात माझ्या तोंडून निघतं, आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागत नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही, लिहून झालं की फाडणार आहे. फक्त एक आहे. बरणीचं रबर वाळून चिरतं, फुगे एकमेकांना चिकटतात. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या सुमारास तुम्ही नवे बसवायचात ना, तसे मीही बसवते.