‘तीन कळा’चं पुनरागमन

२ मार्च, रविवार

आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कलावंतांची चरित्रं लिहिताना लोकांना तारखा सापडत नाहीत, फार पंचाईत होते. माझ्या बाबतीत ती होऊ नये.

बातमी अशी की माझा अल्बम लोक ऐकताहेत! वीस वर्षांपूर्वी काढला तेव्हा त्याला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं. जॅझ फ्यूजन, प्रत्येक ट्रॅकमध्ये माझा ट्रंपेट सोलो. ट्रंपेटला तीन कळा असतात म्हणून नाव ‘तीन कळा’. यात न कळण्यासारखं काय आहे? बायको तेव्हा म्हणाली होती, नाव बदला, लोक हसतील. लोक हसले नाहीत. लोकांनी तो घेतलाच नाही.

भाच्याने गेल्या वर्षी तो इंटरनेटवर चढवला. आता म्हणतो, मामा, तुमचा आकडा वाढतोय. मी म्हटलं, वाढणारच.

४ मार्च, मंगळवार

वरचा समोरचा दात हलतोय. नेमका तोच, ज्यावर माउथपीस टेकतो. डेंटिस्टबाई म्हणाल्या, मुळाशी पू झालाय, याच आठवड्यात रूट कॅनाल करा, दात वाचेल. टाळलंत तर शेजारचाही जाईल. नंतर तीन आठवडे वाजवणं बंद. मी विचारलं, दात गेले तर वाजवता येईल का? म्हणाल्या, मला दातातलं कळतं, वाद्यातलं नाही. कवळी बसवून बघू.

कवळी!

उद्याचीच वेळ घेतली. दात गेले की ट्रंपेट म्हणजे नुसती पितळेची नळी. अजिबात हयगय करायची नाही.

५ मार्च, बुधवार

डेंटिस्टकडे गेलो नाही. कारणच तसं आहे. निघता निघता एका बाईंचा फोन आला. कुठल्याशा सेंटरच्या संचालिका. म्हणाल्या, आमच्याकडे येणाऱ्या बायका ‘तीन कळा’ रोज ऐकतात, त्यामुळे डिलिव्हरी अगदी स्मूथ होते.

डिलिव्हरी! सामान्य माणूस म्हणतो, छान वाजवलंत. डिलिव्हरीबद्दल बोलायला कान तयार असावा लागतो.

पंधरा तारखेला बोलावलंय. नवीन बॅच आहे म्हणे, म्हणजे नवे श्रोते. फक्त आवाज बेताचा ठेवा, आमच्या बायका नाजूक अवस्थेत असतात, असं म्हणाल्या. मी म्हटलं, माझं वाजवणं ऐकून सगळ्यांचीच अवस्था नाजूक होते.

तर आता दात पंधरा तारखेपर्यंत थांबेल. मी इतकी वर्षं थांबलो, त्याला काय धाड भरलीय?

८ मार्च, शनिवार

रियाज. दात सुधारतोय. गरम-थंड काही लागत नाही. फक्त वरच्या सुरांना डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

कीबोर्डवाल्याला फोन केला. अल्बममध्ये तोच होता, आता फर्निचरचं दुकान चालवतो. म्हटलं, आपले दिवस आले, ये. तो म्हणाला, तुझं बोलणं बोबडं येतंय, आधी डॉक्टरला दाखव. लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

१२ मार्च, बुधवार

गाल किंचित सुजलाय. बायकोच्या मते किंचित नाही. ठणका डोक्यापर्यंत जातो. बायकोने विचारलं, तुम्हाला कार्यक्रम हवाय की दात? मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, हट्ट करावा माणसाने, पण आरशात बघून करावा.

धाकधूक वाटते. चौथ्या ट्रॅकमधला सोलो एकदा तरी भरल्या हॉलमध्ये वाजवायचाय. एकदाच. मग दात खुशाल जावोत.

नाही, हे खोडायला हवं. दात जाता कामा नयेत.

१५ मार्च, शनिवार

सेंटर म्हणजे प्रसूतिगृह.

हॉलमध्ये गाद्या घातलेल्या. गाद्यांवर गरोदर बायका, डोळे मिटून श्वास घेताहेत, सोडताहेत. संचालिकाबाई म्हणाल्या, कळा सोसायची तयारी करून घेतो आम्ही. शोधताना पहिला तुमचाच अल्बम सापडला, नाव अगदी समर्पक! मी म्हटलं, हो, नावावर बराच विचार केला होता.

मग त्यांनी चौथा ट्रॅक लावला. कीबोर्ड आला, बास आला, ड्रम्सवर ब्रश फिरले. माझी एंट्री आली. मी आलोच नाही.

वाटलं, स्पीकर बिघडला. पुढची एंट्री आली, तिथेही मी नाही. हळूच बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मधेमधे एक पिपाणी ओरडायची हो, बायका दचकायच्या. आमच्या कॉम्प्युटरवाल्याने तेवढी काढून टाकली, हल्ली सहज निघते. आणि तुम्ही यात काय वाजवता?

कीबोर्ड, मी म्हटलं.

ट्रंपेटची पेटी पायाने खुर्चीखाली सरकवली. ट्रॅक संपल्यावर टाळ्या झाल्या. एका बाईने माझा हात धरून सांगितलं की पहिल्या वेळी फार भीती वाटली होती, या वेळी वाटत नाही. ती मनापासून बोलत होती. वाईट याचं वाटलं की ऐकायला खरोखर छान होतं. माझ्याशिवाय जास्तच.

१७ मार्च, सोमवार

दोन्ही दात काढले. डेंटिस्टबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आठवड्यात आला असतात तर दोन्ही वाचले असते, एवढंच म्हणाल्या.

संकल्प: समोरचे दात नसताना वाजवणारा पहिला ट्रंपेटर व्हायचं. मनावर घेतलं तर महिन्याभराचं काम.

३ एप्रिल, गुरुवार

जखम भरली. घरात कुणी नसताना ट्रंपेट काढला. ओठ टेकवून फुंकलं. नुसता वारा. कवळी लावून फुंकलं. पाऊण सूर निघाला आणि पाठोपाठ कवळी निघाली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग रडू आलं ते आवरेना.

बायको कधी आली कळलं नाही. तिने काही ऐकलं नसावं, ऐकण्यासारखं काही नव्हतंच. जवळ बसली. म्हणाली, तो चौथा सोलो वाजवा ना, मला फार आवडतो तो.

इतक्या वर्षांत हे कधी बोलली नव्हती.

मी म्हटलं, आज मूड नाही.