बारीक माणसाची चरबी

बोरिवंका,
२२ जानेवारी २०२४

चिरंजीव जोगारावास अम्माचे अनेक आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत. चेन्नईत वेळेवर जेवतोस ना?

संक्रांतीला तू आला नाहीस म्हणून गुळाचे गोड अरिसेलु केलेच नाहीत, असं लिहिणार होते. पण केले, आणि शेजाऱ्यांनी फस्त केले. काजूला मोहोर बरा आहे. गाय गाभण आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण मी 'तपासणी' म्हटलं की तुझ्या फोनची रेंज जाते. कागदाला ती सोय नाही.

एक गंमत ऐक. पाय जरा सुजले होते म्हणून दवाखान्यात गेले, तर इतर गोळ्यांबरोबर रक्तातल्या चरबीची एक गोळी दिली. तुझी तविटम्मा आत्या पोट धरून हसली. "वदिना, तुझी नुसती हाडं नि कातडं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आण इकडे, चरबी माझ्याकडे आहे!" मलाही पटलं. चरबीचं दुखणं पैसेवाल्यांचं, आपल्या भागात घरोघरी दुखणं ते किडनीचं. पुडी तिला देऊन टाकली आणि ती गुळासारखी रोज खात बसली.

पुढच्या खेपेला रक्त तपासलं, चरबी होती तिथेच. डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गुन्नम्मा, ही पोटावरची चरबी नाही. किडनी बिघडली की रक्तातली चरबीही बिघडते, काडीसारख्या माणसाचीसुद्धा. तुम्ही सगळे डायलिसिसला घाबरता. पण पुष्कळांना तिथवर पोचायच्या आधीच हृदय दगा देतं. आणि तुमच्या नणंदेला म्हणावं, दुसऱ्याचं औषध खाऊ नको."

होय रे बाळा, माझीही किडनी बिघडली आहे. लिहून टाकलं एकदाचं.

मग मी यांच्याबद्दल, तुझ्या नान्नाबद्दल विचारलं. नारळाच्या बुंध्याशी छाती धरून बसले ते उठलेच नाहीत. गावाने म्हटलं, किडनीने नेलं. आपल्याकडे कुणीही गेलं तरी तेच म्हणतात. बाई म्हणाल्या, "आता नक्की कसं सांगू? पण हृदयही असू शकेल." मी दवाखान्याच्या पायरीवर बसून खूप रडले. त्यांना अशी गोळी कुणी दिली असती तर त्यांनीही ती हसून दुसऱ्याला दिली असती. मग डोळे पुसले. घरी येऊन तविटम्माकडून उरलेली पुडी हिसकावून घेतली. आता रोज घेते. सुकी मासळी सोडली, लोणचं सोडलं. जिभेला राग येतो, येऊ दे.

आता तुला आवडणार नाही ते. नरसन्नपेटहून मुलीचे वडील आले होते. पत्रिकेआधी त्यांनी किडनीचा आकडा विचारला, "मुलाचं क्रिएटिनिन किती?" 'घरात सगळे ठणठणीत आहेत' असं सांगायला तू बजावलं होतंस. मला नाही जमलं. म्हटलं, "मला किडनीचा आजार आहे, याचे वडील गेले. मुलाने अजून तपासलेलं नाही, पण तपासेल. किडनीही आणि चरबीही. मग कळवते." त्यांनी अर्धी कॉफी तशीच ठेवली आणि 'बघू' म्हणून उठले.

मुलगी चांगली होती. हातची गेली तर माझ्यामुळे गेली, हे मला कळतं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? कुणाच्या लेकीला फसवून आणायची आणि तिने माझ्यासारखं झाडाखाली नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचं, हे मी होऊ देणार नाही.

रविवारच्या गाडीने ये. सोमवारी सकाळी पाण्याशिवाय काही घेऊ नकोस, उपाशीपोटी रक्त द्यायचं आहे. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. दवाखान्याच्या बाकावर मी तुझ्या शेजारी बसेन, एवढंच.

अजून पुष्कळ वर्षं तुझ्याशी भांडायचं ठरवलेली,
तुझी अम्मा