पाकोळीघराचं घड्याळ

३ ऑक्टोबर, मंगळवार

पोचलो एकदाचा. साम्पितहून लाँच नदी उतरत निघाली ती दुपार कलल्यावर टेकली. दोन्ही काठांना नुसतं निपा ताडांचं रान. धक्क्यावर हाजी मास्रानी, म्हणजे आमचे मालक, छत्री धरून उभे. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाले, "जावावरून माणूस मागवला होता, काडेपेटीतली काडी कोणी पाठवली?" मीही हसलो. पहिल्या दिवशी मालकाच्या विनोदाला हसावंच लागतं.

काम सोपं आहे. पाकोळीघर राखायचं. चार मजली सिमेंटचा ठोकळा, खिडकी एक नाही. फक्त माथ्याजवळ पाखरांना शिरायला भोक, आणि तिथला भोंगा दुरुस्त करायला बाहेरून लोखंडी शिडी. पाकोळ्या आत लाळेची घरटी करतात, ती चिनी लोक सोन्याच्या भावानं खातात. आपल्याला काय!

राहायला शेजारीच लाकडी घर. दोन खोल्या! गावी पचितानला आम्ही भावाच्या पडवीत झोपायचो. लगेच बायकोला, लास्त्रीला, फोन केला. ती आणि आमची पोरगी कीनांती जहाजानं येणार, चोवीस तारखेच्या मंगळवारच्या लाँचनं इथं उतरतील. लाँच मंगळवारीच येते. पोरीनं विचारलं, तिथं सुसरी आहेत का? म्हटलं, आहेत, पण तुझ्या आईला घाबरतात.

६ ऑक्टोबर

भोंग्यातून पाकोळ्यांचा आवाज लावतात. त्याला भुलून रानातली पाखरं येतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला आवाज मोठा, मधे बारीक. हे सगळं तळमजल्यावर मशीनच्या खोलीतल्या एका जुन्या सर्व्हरवर चालतं. सुराबायाच्या कुठल्याशा कचेरीनं भंगारात काढलेला. हाजी म्हणतात, "पेन्शनीतला आहे, जरा ऐकू कमी येतं." मी सहावी नापास, पण गावच्या वॉर्नेटमध्ये, म्हणजे सायबर कॅफेत, पोरांचे कॉम्प्युटर उघडून उघडून हात बसलाय.

घड्याळच चुकलेलं. लाइट गेली की तारीख मागे जाऊन बसते, दरवेळी त्याच एका जुन्या ऑगस्टातल्या संध्याकाळी. मग भरदुपारी तिन्हीसांजेची हाक सुरू होते. पाखरं गोंधळतात. उघडून पाहिलं तर आतला बटण-सेल मेलेला. सुरू होतानाच कळ दाबून तारीख भरली. लाइट गेली. परत तेच. नवीन सेल मागवलाय.

१० ऑक्टोबर, मंगळवार

लाँचनं सेल आला. बसवला, फोनवर बघून वेळ लावली. संध्याकाळी बरोब्बर सूर्य टेकायला हाक सुरू झाली आणि पाखरं अशी उतरली, जणू कोणी आभाळातून काळे तीळ ओतले. हाजींनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, बायकोसाठी चूल मी देईन.

१३ ऑक्टोबर

घड्याळात अजून काहीतरी गोम आहे. मशीनच्या खोलीत फोन आणि सर्व्हर एकच वेळ दाखवतात. बाहेर आलो, रेंज आली, की फोन टुणकन पुढे उडी मारतो. काल वीस मिनिटं. आज दोन तास. आत जाऊन एक बिडी ओढेपर्यंत थांबलो असेन.

फोनच बिघडला असणार. स्वस्तातला घेतलेला.

१६ ऑक्टोबर

तिन्हीसांजेला अंगणात भांडी घासत होतो. भोंग्याच्या किलबिलाटात कोणीतरी हाक मारली, "गियार्नो!" अगदी लास्त्रीचा आवाज. मी सवयीनं "ओ! आलो, आलो!" म्हणून उठलो. कोणी नव्हतं. नवऱ्याला आठवण फार येते, दुसरं काय. एकटाच हसलो.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आचिल इमारला सांगितलं. इथं मावशीला आचिल म्हणतात. धक्क्यावर पिवळा भात विकते, तीच काय ती शेजारीण. तिच्या हातातला डाव थांबला. "ओ दिलीस? पहिल्या हाकेला? अरे गाढवा, तुला आईनं एवढंसुद्धा शिकवलं नाही? तिन्हीसांजेला कोणी बोलावलं तर गप राहायचं. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारेल." लास्त्री तसंच करते. तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही. मला नखरा वाटायचा.

आधीच्या राखणदाराला, कुर्दीला, भावाच्या आवाजात हाक आली होती म्हणे. तोही ओ देत शिडी चढला. वर दिसला, मग भोकात दिसेनासा झाला. आत शोधलं तर नुसती पाखरं. हाजी सांगतात तो पळून गेला. आचिल म्हणाली, चप्पल खाली ठेवून कोण पळतं?

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून ती आजच्याच लाँचनं बंजारमासिनला गेली. जाताना म्हणाली, चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, बायको यायचीय, आता कसा सोडू?

१८ ऑक्टोबर

संध्याकाळी भोंगा लागला. चिवचिवाट. आणि मधेच—

"ओ! आलो, आलो!"

माझा आवाज. परवाचाच. मग पुन्हा. मग तोच आवाज "कीनांती" म्हणाला. मी तर कालपरवा तिचं नाव मोठ्यानं घेतलंही नव्हतं.

लास्त्रीला फोन लावायला धावलो, येऊ नकोस म्हणून. नेमकी रेंज गेलेली, म्हणून धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो. फळ्या ओल्या होत्या. फोन नदीत.

१९ ऑक्टोबर

वायर उपटली. भोंगा चालूच. हाजी साम्पितला, पुढच्या महिन्यात येणार.

रानातून कुठं जाणार, दलदल आहे. आणि मी गेलो तर त्या दोघी इथंच उतरतील, या भोंग्याखाली. म्हणून ठरवलं. मंगळवारी चोवीस तारखेला धक्क्यावर उभा राहीन, दोघींना पाय टेकू देणार नाही, त्याच लाँचनं तिघं परत. तेवढं जमलं पाहिजे. मग नोकरी गेली तरी चालेल.

२० ऑक्टोबर

लाकडी घरात हाक फार स्पष्ट येते. भिंती पातळ. मशीनच्या खोलीच्या भिंती हातभर जाड, दार लोखंडी. भात, पाणी, वही घेऊन आत आलो. इथं आवाज जवळजवळ नाही. शिवाय समोर घड्याळ. मंगळवार चुकायचा नाही. मीच लावलेलं आहे, नवीन सेल आहे. आता सेकंदही चुकत नाही.

२१ ऑक्टोबर

सकाळचा भात दुपारी उघडला तर हिरवी बुरशी, बोटभर. उकाड्यानं असेल. हनुवटीवर दाढी टोचते. काल केली होती ना?

रात्री दारावर कोणीतरी नखं ओढली. पाखरूच असेल. पाचरी ठोकल्या दारात. चारही बाजूंनी. मंगळवारी काढीन.

२२ ऑक्टोबर, रविवार — घड्याळाप्रमाणे

लाँचच्या इंजिनासारखा आवाज. रविवारी लाँच नसते.

मग दार वाजलं. "अहो. अहो, उघडा ना. किती वाळलंय इथलं सगळं, कोणी राहत नाही की काय?"

लास्त्री. हुबेहूब. पण आज रविवार. ती अजून जहाजावर आहे. समोर घड्याळ लखलखीत दाखवतंय.

ओ दिली नाही. ओठ चावून बसलो.

"अहो!" दुसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. आचिल म्हणाली होती माणूस तिसऱ्यांदा— पण भोंगाही हवं तितक्यांदा म्हणतो. कान दाबले.

तीच तारीख

पोरगी रडतेय. पाणी मागतेय. लास्त्री तिला म्हणाली, लाँचवाल्यानं इथंच सांगितलं, आतमध्ये झोपला असेल, तुझा बाप म्हणजे मेला म्हातारा बैल, शिंग ओढल्याशिवाय उठत नाही.

हे लास्त्रीच म्हणते. पण मला ठाऊक आहे ते त्यालाही ठाऊक असेल. मला ठाऊक नाही असं काही—

नाही. रविवार आहे. रविवार.

मग दाराच्या फटीतून कागदाची पुडी आत सरकली. छोटी बोटं. "बापाक, माझा दात पडला जहाजावर. खालचा आहे. छपरावर तुम्हीच फेकायचा. मी कोणाला दिला नाही."

दात पडायला आलाय हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुडी उघडली. दात. मुळाशी रक्त वाळून काळं झालंय. कागद जहाजाच्या तिकिटाचा. उतरण्याची तारीख चोवीस.

त्या दोघीच आहेत. आज मंगळवार आहे. घड्याळ आणि मी, दोघंही मागे— देवा, मी दोघींना दाराबाहेर—

—

पाचरी हलत नाहीत. फुगल्यात. हातोड्याचा दांडा मोडला. ओरडतोय, पण भोंगा लागलाय, तिन्हीसांजेचा, पूर्ण मोठा. माझं काही बाहेर जात नाही. फटीजवळ तोंड नेलं तरी नाही.

भोंग्यात मी आहे. "कीनांती! लास्त्री! मी वर आहे, वर या!" एकदा.

लास्त्री थांबली. सावली फटीत दिसते. ती ओ देत नाही. शहाणी माझी बाई.

दुसऱ्यांदा.

हे पान फाडून खालून सरकवतो, ती वाचेल, तिला वाचता येतं—

लास्त्री, वर जाऊ नको. तो मी नाही. मी इथं खाली आहे, दाराच्या आत. पोरीचा हात सोडू नको. तो तिसऱ्यांदा बोलावेल. तरी ओ देऊ नको. लाँच अजून असेल तर पळ. शिडीला हात लावू नको, पोरीला आधी चढवू नको, लास्त्री, फटीतली सावली का गेली, तू कुठं— शिडी वाजतेय, खाली उतर, खाली, मी इथं